प्रोफेसर केळफा : जादूगार दादासाहेब फाळके

गणपतीच्या मंडपात, शाळेच्या पटांगणात किंवा नाट्यगृहाच्या रंगमंचावर जादूगार उभा राहिला, म्हणजे आमच्या भिवंडीतील आबालवृद्ध आजही हातातली कामे बाजूस सारून त्याच्याकडे धाव घेतात. रिकाम्या डब्यातून रुमाल निघतो, प्रेक्षकांतून वर बोलावलेल्या एखाद्या गृहस्थाच्या कानामागून नाणे निघते, आणि त्या गृहस्थांची झालेली फजिती पाहून सभागृह हास्यात बुडून जाते. जादू आणि विनोद यांची ही जोडी फार जुनी आहे. मनुष्य हसू लागला की त्याची नजर क्षणभर सैल होते आणि नेमक्या त्या क्षणी जादूगार आपले काम उरकून घेतो. डमरू वाजवीत गावोगाव फिरणाऱ्या गारुड्याला हे मर्म ठाऊक होते, आणि पुण्याच्या जादूगार रघुवीरांनी मराठी बोलीत रंगविलेल्या प्रयोगांतही त्याच मर्माचा प्रत्यय येई.

परंतु या मनोरंजनाकडे पाहण्याची आपल्या समाजाची दृष्टी मात्र दुहेरी आहे. प्रयोग पाहण्यास आपण पुढच्या खुर्च्या धरतो. आपल्या घरातील मुलाने हा धंदा पत्करतो असे म्हटले, तर मात्र आपल्या कपाळास आठ्या पडतात. म्हणूनच यंदाच्या स्मरणिकेसाठी चरित्रनायक निवडताना आम्हांस एका अशा पुरुषाची आठवण झाली, की ज्याचे नाव भारतीय चित्रपटांचे जनक म्हणून जगास ठाऊक आहे, पण जो त्यापूर्वी रंगमंचावर उभा राहून जादूचे प्रयोग करीत असे, याची जाणीव फार थोड्यांस आहे. ते पुरुष म्हणजे कै. धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके होत.

दादासाहेबांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळील त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील गोविंद सदाशिव ऊर्फ दाजीशास्त्री हे संस्कृताचे व्युत्पन्न पंडित, आणि मातोश्रींचे नाव द्वारकाबाई. शास्त्र्यांच्या घरातील मुलाने शास्त्री व्हावे हीच त्या काळची सरळ वाट होती. परंतु या मुलाची बोटे पोथीपेक्षा रंगाच्या कुंचल्याकडे अधिक वळत. वडिलांस मुंबईस अध्यापकाची जागा मिळाल्यावर कुटुंब मुंबईस आले आणि १८८५ साली धुंडिराजांनी सर जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला. तेथील चित्रकलेचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पुरा करून ते वडील बंधू शिवरामपंत यांच्यासमवेत बडोद्यास गेले.

सयाजीराव महाराजांचे बडोदे त्या काळी विद्या आणि कला यांचे माहेरघर होऊ पाहत होते. तेथील कलाभवनात, प्राध्यापक गज्जर यांच्या आश्रयाने, धुंडिराजांनी तैलचित्रे, छायाचित्रण आणि रसायनक्रिया यांचा अभ्यास केला. १८९२ साली अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात त्यांना सुवर्णपदक मिळाले. ते कशासाठी, तर आदर्श नाट्यगृहाची प्रतिकृती तयार केल्याबद्दल! प्रेक्षक कोठे बसतो, त्यास काय दिसते आणि काय दिसत नाही, याचा विचार या तरुणाच्या मनात विशीबाविशीतच घोळू लागला होता.

पुढे गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रकाराचा व्यवसाय थाटला. १९०० साली प्लेगच्या साथीने त्यांच्या पहिल्या पत्नीस आणि अपत्यास हिरावून नेले. त्या आघाताने गोध्रा सुटले आणि ते पुन्हा बडोद्यास आले. तेथे त्यांनी छायाचित्रांचे दुकान काढले. परंतु कॅमेरा माणसाची शक्ती शोषून घेतो आणि त्यामुळे आयुष्य घटते, असा समज लोकांत पसरला. छायाचित्र काढून घेण्यास कोणी धजेना. दुकान चालेना, तेव्हा पोटासाठी त्यांनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविण्याचे काम पत्करले आणि प्रसंगी लहानसहान भूमिकाही केल्या.

याच सुमारास एक जर्मन जादूगार आपले प्रयोग घेऊन बडोद्यास आला होता. धुंडिराजांनी त्याच्यापाशी जादूची विद्या शिकून घेतली आणि १९०१च्या अखेरीस ते स्वतः जाहीर प्रयोग करू लागले. जाहिरातीत नाव होते प्रोफेसर केळफा. वाचकांनी हे नाव क्षणभर उलट वाचून पाहावे; केळफाचे फाळके होतात! या नावातच जादूगाराच्या धंद्याची सारी गंमत साठविलेली आहे. गुपित सर्वांच्या डोळ्यांसमोर मांडलेले असते, परंतु सरळ पाहणाऱ्यास ते दिसत नाही. शास्त्रीबुवांचा मुलगा रंगमंचावर जादूगार म्हणून उभा राहतो ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती, हेही येथे ध्यानात घेतले पाहिजे. विधुर अवस्था, बुडालेले दुकान आणि लोकांचा अविश्वास या तिन्हींच्या ओझ्याखाली दबलेल्या माणसाने लोकांस चकित करण्याचा धंदा पत्करावा, यात त्याच्या मनाचा चिवटपणा दिसून येतो. ज्या लोकांनी त्याच्या कॅमेऱ्याचा धसका घेतला होता, अशा लोकांसमोर उभे राहून त्यांच्या भयाचे कौतुकात रूपांतर कसे करावे, हे तो आता शिकत होता.

१९०२ साली त्यांचा दुसरा विवाह झाला. किर्लोस्कर नाटक मंडळीच्या चालकांशी नाते असलेल्या करंदीकरांच्या घरातील गिरिजा ही सासरी सरस्वतीबाई झाली. पुढे वर्षभरातच त्यांना पुराणवस्तु खात्यात छायाचित्रकार आणि आरेखक म्हणून नोकरी लागली. पगार ठरावीक, काम ठरावीक. सामान्य मनुष्य येथेच स्थिरावला असता. पण १९०६ साली त्यांनी ती नोकरी सोडली आणि लोणावळ्यास छापखाना काढला. राजा रविवर्म्याच्या छापखान्यासाठी शिळाछापाचे काम तेथे होत असे. पुढे हा छापखाना दादरला आला आणि रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी ते १९०९ साली जर्मनीस जाऊन आले. धंदा भरभराटीस आला, तोच भागीदारांशी मतभेद झाले, आणि एक पैही न मागता त्यांनी भागीदारीवर पाणी सोडले.

चाळिशी उलटलेली, हातात धंदा नाही आणि पदरी कुटुंब, अशा स्थितीत १९११च्या एप्रिल महिन्यात ते आपला मुलगा भालचंद्र यास घेऊन गिरगावातील एका चित्रपटगृहात गेले. दुसऱ्या दिवशी पत्नीसही घेऊन गेले. त्या दिवशी ईस्टरनिमित्त येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट चालू होता. तो पाहताना राम आणि कृष्ण हे पडद्यावर कधी दिसतील, हा ध्यास त्यांनी घेतला. त्यानंतरचे महिने त्यांनी चित्रपट पाहण्यात आणि त्यांची यंत्रविद्या समजून घेण्यात घालविले. रात्रीच्या जागरणांनी आणि अखंड निरीक्षणाने त्यांचे डोळे इतके बिघडले की काही काळ दृष्टीच गेली. उपचारांनी ती परत आली, तेव्हा त्यांनी पुन्हा तेच काम हाती घेतले! विम्याची पॉलिसी गहाण टाकून ते १९१२च्या फेब्रुवारीत लंडनला गेले आणि तेथून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा, कच्ची फिल्म आणि तिच्या कडांना भोके पाडण्याचे यंत्र यांची व्यवस्था करून एप्रिलच्या आरंभी परतले.

आता प्रश्न होता भांडवलाचा. पैसे देणाऱ्यास आपली विद्या दाखवावी कशी? येथे प्रोफेसर केळफा कामास आला. आपल्याकडील गारुड्यांचा एक प्रसिद्ध खेळ आहे. तो जमिनीत आंब्याची कोय पुरतो, तीवर फडके झाकतो, डमरू वाजवितो, आणि फडके दूर करताच तेथे आंब्याचे रोप डोलू लागते. दादासाहेबांनी नेमका हाच खेळ यंत्राच्या साहाय्याने केला. एका कुंडीत त्यांनी वाटाणे पेरले, कुंडीसमोर कॅमेरा बसविला आणि महिन्याहून अधिक काळ थोडी थोडी चित्रे घेत राहिले. पडद्यावर ती सलग धावू लागताच अंकुर फुटला, वेल वर चढला आणि हे सारे मिनिटभरात आटोपले. गारुडी फडक्याखाली रोप लपवितो. दादासाहेबांनी दोन चित्रांमधील काळ लपविला. भेद इतकाच, की गारुड्याचे रोप आधीच उगवलेले असते आणि हा वेल खरोखरच डोळ्यांदेखत वाढला होता. ही फीत पाहून कर्ज देणारे पुढे आले. तरीही रक्कम पुरेना, तेव्हा सरस्वतीबाईंनी आपले दागिने काढून दिले.

त्यानंतरची ‘राजा हरिश्चंद्र’ची कथा पुष्कळांस ठाऊक आहे. स्त्रीभूमिका करण्यास कोणी स्त्री मिळेना, तेव्हा ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहातील आचारी अण्णा साळुंके यास दरमहा पंधरा रुपये देऊन तारामती केले. चित्रपटात काम करणे कमीपणाचे मानले जाई. म्हणून कोणी विचारलेच तर हरिश्चंद्राच्या कारखान्यात नोकरीस आहोत, असे सांगण्याची युक्ती दादासाहेबांनी मंडळींस शिकविली होती. घरातील साठसत्तर माणसांचा स्वयंपाक सरस्वतीबाई करीत. दिवसा उन्हात पांढरी चादर धरून त्या नटांच्या तोंडावर उजेड पाडीत आणि रात्री फिल्मला भोके पाडीत व ती धुण्याच्या कामास हातभार लावीत. प्रेक्षकास न दिसणारा एक हात प्रत्येक जादूगारास लागतोच. दादासाहेबांचा तो हात सरस्वतीबाई होत्या.

याच चित्रपटाच्या निमित्ताने आमच्या ठाणे जिल्ह्यात घडलेला एक प्रसंग येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. बाह्यदृश्यांसाठी मंडळी वांगणी येथे गेली होती. दादासाहेब मुंबईस कामात गुंतल्याने मागे राहिले होते. इकडे गावच्या देवळात भाले, तलवारी आणि दागिने घेऊन उतरलेली ही अनोळखी माणसे पाहून गावकऱ्यांस दरोडेखोरांचा संशय आला. पाटील आणि फौजदार धावून आले. सामानात सोन्यारुप्याचे अलंकार सापडताच संशयाची खात्री झाली आणि राजा हरिश्चंद्रासह सारा दरबार अटकेत पडला! दादासाहेब येऊन पोहोचले; त्यांनी परोपरीने समजाविले, पण चित्रपट म्हणजे काय हेच ज्यांनी पाहिले नाही त्यांस ते पटावे कसे? अखेर त्यांनी नटांस उभे केले, कॅमेरा लावला, हात फिरविला आणि फौजदारांसमोर एक संपूर्ण प्रवेश करून दाखविला. कॅमेऱ्यात फिल्म मात्र घातलेली नव्हती. तो प्रयोग पाहून फौजदारांचे समाधान झाले आणि हरिश्चंद्राची सुटका झाली. रिकाम्या पेटीने काम साधून घेण्याचा प्रोफेसर केळफाचा हा बहुधा सर्वांत यशस्वी प्रयोग म्हणावा लागेल.

सहा महिने आणि सत्तावीस दिवसांच्या परिश्रमांनंतर सुमारे ३,७०० फूट लांबीचा हा मूकपट पुरा झाला, आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात तो जनतेसाठी दाखविला गेला. त्या खेळाचा कार्यक्रम कसा होता, हे ऐकून आजच्या वाचकांस मौज वाटेल. चित्रपटाबरोबरच रंगमंचावर एका युरोपीय बाईंचे नृत्य होते, एका जोडीचा विनोदी प्रवेश होता, पायांनी वस्तू झेलण्याच्या करामती करणारा एक खेळाडू होता आणि आणखी थोडी थट्टामस्करी होती. म्हणजे भारतीय चित्रपटाचा पाळणा हलला तो हास्य आणि हातचलाखी यांच्या जिवंत प्रयोगांच्या संगतीत. लोकांस पैशाचा पुरता मोबदला मिळाल्यासारखे वाटले पाहिजे, हे दादासाहेब पुरतेपणी जाणून होते. सुरतेस पहिल्या दिवशी जेमतेम तीन रुपयांचे उत्पन्न झाले, कारण दोन आण्यांत सहा तासांचे नाटक पाहणाऱ्या प्रेक्षकांस दीड तासाच्या खेळासाठी तीन आणे देणे जड जाई. तेव्हा त्यांनी सत्तावन्न हजार छायाचित्रे आणि दोन मैल लांबीचे चित्र अवघ्या तीन आण्यांत, अशी जाहिरात केली आणि गर्दी लोटली, अशी हकीकत सांगितली जाते. चिकित्सक वाचकांनी हिशेब करून पाहावा. एका फुटात सोळा चित्रे या मानाने छायाचित्रांचा आकडा जवळपास बरोबर येतो. मैलांचा मात्र नाही, कारण ३,७०० फूट म्हणजे पाऊण मैलाहूनही कमी. जाहिरात लिहिताना केळफांनी फाळक्यांवर मात केलेली दिसते!

१९१३ साली त्यांनी आपला कारखाना दादरहून नाशिकला हलविला. मुंबई आणि नाशिक यांना जोडणारा रस्ता आमच्या भिवंडीच्या अंगणातून जातो, आणि या चरित्रनायकाचे कर्तृत्व त्या रस्त्याच्या दोन टोकांस विभागलेले आहे, याचा आम्हांस अभिमान वाटतो. नाशिकला त्यांनी जे चित्रपट केले त्यांत जादूगाराची विद्या जागोजाग दिसते. कॅमेरा मध्येच थांबवावयाचा, नटांनी जागच्या जागी स्तब्ध राहावयाचे, एकाने तेवढे बाजूस व्हावयाचे आणि कॅमेरा पुन्हा सुरू करावयाचा. पडद्यावर तो मनुष्य अंतर्धान पावतो. काळ्या पडद्यासमोर एक दृश्य घ्यावयाचे आणि तीच फिल्म मागे नेऊन तीवर दुसरे दृश्य घ्यावयाचे. देव आकाशात प्रकट होतो. रंगमंचावरील जादूगारही काळ्या मखमलीच्या आडून वस्तू नाहीशा करीत असत. दादासाहेबांनी ती मखमल कॅमेऱ्याच्या आत नेली एवढेच. ‘लंकादहन’ (१९१७) मध्ये साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या आणि हनुमंताचे उड्डाण पाहण्यास लोकांची झुंबड उडाली. ‘कालियामर्दन’ (१९१९) मध्ये त्यांची लहानगी कन्या मंदाकिनी कृष्ण झाली. त्यातील बाळकृष्ण निजलेल्या गृहस्थाची दाढी त्याच्या पत्नीच्या केसांस बांधून ठेवतो, तेव्हा प्रेक्षकांत उठणारे हास्य हे जुन्या जादूगाराने ओळखून ठेवलेले हास्य होते. ‘पिठाचे पंजे’ हा विनोदी लघुपट, आगकाड्यांच्या गमतींची फीत आणि खुद्द प्रोफेसर केळफाच्या जादूच्या फितीही त्यांनी काढल्या. आश्चर्य असे, की चित्रपट कसे तयार होतात, हे दाखविणारी फीतही त्यांनीच काढली. आपली युक्ती आपणच उघड करणारा जादूगार विरळाच. पण आपल्या देशातील इतरांनीही हा धंदा उचलावा, ही त्यांची तळमळ होती.

साता समुद्रांपलीकडे फ्रान्समध्ये जॉर्ज मेलिएस नावाचा एक जादूगार होऊन गेला. पॅरिसमधील जादूच्या नाट्यगृहाचा तो मालक होता आणि त्यानेही जादू पडद्यावर नेली. पुढे लोकांची आवड बदलली, त्याची कंपनी बुडाली आणि उतारवयात त्यास रेल्वे स्टेशनात खेळणी विकून गुजराण करावी लागली. दादासाहेबांचा उत्तरकाल याहून फारसा वेगळा नव्हता. १९१८ साली भागीदारांसह स्थापन केलेल्या हिंदुस्थान कंपनीत मतभेद झाले. कंटाळून ते काशीस गेले आणि तेथे ‘रंगभूमि’ नाटक लिहिले. १९२२ मध्ये ते पुन्हा कंपनीत परतले. पण काळ झपाट्याने पुढे गेला होता. चित्रे बोलू लागली आणि मूकपटांचा जादूगार मागे पडला. १९३७ साली कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेला ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकमेव मुळातून बोलका चित्रपट ठरला.

चित्रपटधंद्याच्या रौप्यमहोत्सवास त्यांस निमंत्रण होते, पण त्यांचा योग्य तो मान राखला गेला नाही. तेव्हा व्ही. शांताराम यांनी मदतनिधीची हाक दिली. अपेक्षेइतके पैसे जमेनात. उणीव प्रभातने भरून काढली आणि पाच हजार रुपये दादासाहेबांच्या हाती पडले. त्यांतून नाशिकला राहते घर झाले. त्या वेळी धंद्यात लक्षावधी रुपये खेळत होते, हे येथे सांगितलेच पाहिजे. १९४४ साली, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षात, त्यांनी आणखी एक चित्रपट काढण्याची परवानगी सरकारकडे मागितली. युद्धकाळातील निर्बंधांमुळे ती नाकारली गेली. नकाराचे पत्र १४ फेब्रुवारीस आले आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांनी देह ठेवला. त्यांच्या नावाचा राष्ट्रीय पुरस्कार १९६९ पासून दिला जाऊ लागला, आणि २००९ साली त्यांच्या खटाटोपावर मराठीत ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ हा हसता हसता डोळे ओले करणारा चित्रपटही निघाला.

ज्ञातिबांधवांनो आणि भगिनींनो, या चरित्रापासून आपण कोणता बोध घ्यावा? दादासाहेब थोर झाले म्हणून आपण त्यांच्या जादूचे कौतुक करतो. परंतु १९०१ साली बडोद्यात उभे राहिलेले प्रोफेसर केळफा हे त्या घटकेस केवळ दुकान बुडालेले एक गृहस्थ होते. त्या घटकेस त्यांच्या शेजारी आपण असतो, तर काय म्हटले असते, हा प्रश्न प्रत्येकाने आपल्या मनास विचारावा. आपल्या कुटुंबातही एखादा मुलगा पत्त्यांच्या करामती करीत असेल, एखादी मुलगी नकला करून घरादारास हसवीत असेल. परीक्षेच्या गुणांखेरीज आणखीही काही गुण असतात, हे ओळखून वडीलधाऱ्यांनी त्यांस निदान परावृत्त तरी करू नये.

दुसरी गोष्ट संस्थेच्या कार्यकर्त्यांसाठी. वार्षिक संमेलनात आपण जादूगारास वा विनोदी कलावंतास बोलावितो. मुले पोट धरून हसतात, टाळ्यांचा कडकडाट होतो, आणि बिदागीची वेळ आली की आपण घासाघीस करू लागतो. दोन तासांच्या त्या प्रयोगामागे कित्येक वर्षांचा सराव असतो, आणि घरी सामान आवरणारी, कपडे शिवणारी, उधारी सांभाळणारी एक सरस्वतीबाई असते. तिच्या हाती वेळेवर आणि पुरेसे पैसे पडतील एवढी दक्षता आपल्या मंडळाने यापुढे घ्यावी, अशी आमची नम्र विनंती आहे.